कोपऱ्याला विचारणारे नदाफ मास्तर

नदाफ मास्तर कुणाच्याही घरात किंवा ऑफिसात शिरले, की आधी गुडघे टेकायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दारातून दोन पावलं आत, की मास्तर खाली. एकदा एका कारखानदाराच्या केबिनमध्ये ते असे अचानक खाली गेले, तेव्हा तो बिचारा खुर्चीतून ताडकन उठला. त्याला वाटलं, कुणी जुना कामगार पाया पडायला आलाय. "अहो काका, उठा, उठा! काय हवंय ते बोला," म्हणत तो टेबलाला वळसा घालून आला, तर काका गालिच्याला नाक लावून बसलेले. वर न बघताच म्हणाले, "साहेब, इथं कुत्रं बसतं." कारखानदार म्हणाला, कंपनीत कुत्रं नाहीच. दारात उभ्या असलेल्या शिपायाने मात्र हळूच पाय मागे घेतला.

"उभ्यानं गालिचा दिसतो, कळत नाही," हे मास्तरांनी आम्हाला शिकवलेलं पहिलं वाक्य.

पूर्ण नाव दस्तगीर नदाफ. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने काटक, दाढी मेंदीची, आणि गुडघे कामातून गेलेले. काळेवाडीत टायरच्या दुकानाच्या वर पत्र्याची एक लांबट खोली होती. तिथे ते गालिचे साफ करायचं शिक्षण द्यायचे. रीतसर. फळा, खडू, हजेरी, शेवटी बाहेरून येणारा परीक्षक आणि पास झालात तर सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट. हसू नका. मीही हसलो होतो आणि त्याची पुरेपूर फळं भोगलेली आहेत.

त्यांचे वडील खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत हिंडायचे. मास्तर म्हणायचे, "बापानं लोकांना झोपायला मऊ करून दिलं, मी चालायला मऊ करून देतो. खानदानी काम आहे, राव."

आता मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. चाकणला एका कंपनीत मी बावीस वर्षं प्रेस मशीनवर होतो. त्याच बावीस वर्षांत कंपनीच्या गणेशोत्सवात मी पोलीस इन्स्पेक्टर, यमराज, दोन राक्षस आणि माणसं कमी पडली तेव्हा नायिकेची आई अशा भूमिका गाजवल्या. मग आमची अख्खी लाइन दुसऱ्या राज्यात गेली आणि मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घरी बसलो. सात महिने. सुनंदा, म्हणजे माझी बायको, डबे करून द्यायची आणि मी ते पोचवायचो. डबा हातात घेताना आमच्याच कंपनीतले जुने लोक माझ्याकडे बघायचे नाहीत, डब्याकडे बघायचे. शेवटी एक ओळखीचा कंत्राटदार म्हणाला, "सुदामभाऊ, महाळुंग्याच्या तीन ऑफिसांचं कार्पेट क्लीनिंग देतो तुला. पण हल्ली गेटवर तोंड बघत नाहीत, सर्टिफिकेट बघतात. ते आण."

म्हणून मी आलो. आम्ही सहा जण होतो, सगळे कुठून ना कुठून गळालेले. पहिल्या दिवशी मास्तर फळ्यासमोर खुर्चीवर बसले, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भीती कुणाकुणाला वाटते? हात वर करा."

कुणाचाच हात वर नाही. मला तर स्टेजच मिळालं. मी म्हणालो, "मास्तर, बावीस वर्षं प्रेस मशीनवर काढलीत. गालिच्याला काय घाबरायचं?"

"प्रेस मशीन काय करतं?"

"चुकलं तर बोट तोडतं."

"कुणाचं?"

"माझं."

"बरोबर. बोट तुमचं. गालिचा दुसऱ्याचा." मग सगळ्यांना म्हणाले, "जा, खाली जाऊन चहा प्या. थोडे घाबरून या. न घाबरलेल्या माणसाला मला शिकवता येत नाही."

आम्ही खाली गेलो, चहा प्यालो, मास्तरांची यथेच्छ टिंगल केली आणि न घाबरता वर आलो. तोवर त्यांनी टेबलावर लोकरीच्या जुन्या गालिच्याचा वीतभर तुकडा मांडून ठेवला होता. तांबडी फुलं, सायीच्या रंगाची जमीन. त्यांनी एका फुलावर कढत साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकले. आणि आमच्या डोळ्यांदेखत ते फूल पसरायला लागलं. आधी कडा विरघळली, मग सायीत गुलाबी ओघळ शिरला, मग दुसरा. जखमेवरच्या पट्टीतून रक्त वर यावं तसं.

"हा रंग आता परत जात नाही," मास्तर अगदी हळू म्हणाले. "कुठंही जा, कुणालाही भेटा. पुरा परत जात नाही."

यमराज झालेला माणूस मी, पण त्या वीतभर तुकड्यासमोर माझ्या तळव्यांना घाम फुटला. मास्तरांनी ते बरोबर पाहिलं. "हां," ते खुशीत म्हणाले, "आता लिहून घ्या."

त्यांच्या शिकवण्यात सगळ्या गोष्टींना माणसासारखा स्वभाव असे. "पाणी पाहुणं आहे. आलं तितकं परत गेलं पाहिजे. राहिलं की घराला वास." "डाग आणि पोर, दोघांनाही रगडू नका. रगडलं की हट्टाला पेटतात. वरून दाबा, उचला, दाबा, उचला." कुणी पाणी मारून लगेच शोषून घेणारं मशीन भराभरा ओढायला लागला, तर म्हणायचे, "मियाँ, घाई असेल त्यानं झाडू मारावा." आणि या सगळ्यावरचं वाक्य फळ्याच्या माथ्यावर रंगाने कायमचं लिहिलेलं होतं: आधी कोपऱ्याला विचारा.

याचा अर्थ असा. गालिच्यावर पाणी घालण्याआधी त्याचा एक लपलेला कोपरा निवडायचा. पांढरं फडकं साबणाच्या पाण्यात भिजवून त्यावर दाबून धरायचं आणि सावकाश शंभर मोजायचे. फडकं पांढरं निघालं तर पुढे जायचं. रंग लागला तर हात जोडून मालकाला सांगायचं, हे पाण्याचं काम नाही. मास्तर सांगत, "कोपरा खोटं बोलत नाही. मालक बोलतो, दुकानदार बोलतो, गालिच्याच्या पाठीवरची चिठ्ठी तर हमखास बोलते. कोपरा नाही."

हा धडा मास्तर खोलीत देत नसत. प्रत्येक बॅचला ते महाळुंग्याला एका कंपनीच्या गेस्ट हाउसवर नेत. तिथल्या हॉलमध्ये खराखुरा हाताने विणलेला, लोकरीचा, तांबडा आणि सायीचा मोठा गालिचा होता. कंपनीच्या परदेशी पाहुण्यांनी भेट दिलेला. त्याला कधी पाणी लागलं नव्हतं, आठवड्याला फक्त व्हॅक्यूम व्हायचा. मास्तरांची तिथे वट होती. खिडकीजवळच्या सोफ्यामागे त्याचा एक कोपरा होता, तिथे आमच्यातल्या प्रत्येकाने गुडघे टेकून फडकं दाबलं आणि शंभर मोजले. फडकं पांढरंशुभ्र. मास्तर म्हणाले, "बघा, किती शहाणा गालिचा आहे."

गेस्ट हाउस सांभाळायला तुकाराममामा होते. जुन्या महाळुंग्यातले, पोरगा जमिनीच्या व्यवहारात, आणि म्हातारा मात्र हौसेने पाहुण्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालणारा. आम्हाला ओळीने गुडघ्यांवर बघून ते म्हणाले, "मास्तर, तुमची पोरं लय भाविक हायत. रोज येत चला. हितं आमचं भुईमुगाचं वावर व्हतं, त्येला बी यवढा नमस्कार कुनी केला न्हाई."

परीक्षेच्या आठवड्यात त्या गालिच्यावर कुठल्याशा पाहुण्याने रस्सा सांडला. गेस्ट हाउसच्या मॅनेजर मॅडमनी मास्तरांना फोन केला. मास्तरांना वाटलं, चला, यंदाची परीक्षा खऱ्या कामावर होईल. चिठ्ठ्या टाकल्या. पाच जणांना ऑफिसांची साधी कार्पेटं आली आणि तो गालिचा मला.

मी आदल्या दिवसापासून घाबरलो होतो, हे मान्य करतो. सकाळी सुनंदाने पोहे पुढे ठेवले, ते गिळेनात. ती म्हणाली, "राक्षसाचं काम असायचं तेव्हा चार प्लेट खायचात."

"तेव्हा मला मारायचे. आज मी मारणार आहे."

"कुणाला?"

"ते संध्याकाळी कळेल."

परीक्षक साहेब म्हणजे इस्त्रीचा शर्ट, हातात पुठ्ठा, त्याला लावलेला कागद, आणि चेहऱ्यावर काहीही न दिसू देण्याची साधना केलेला माणूस. मास्तर भिंतीपाशी खुर्चीवर. डॉक्टरांनी त्यांना गुडघे टेकायला सक्त मनाई केली होती. एकदा टेकले तर उठणार नाहीत असं सांगितलं होतं. त्यामुळे गेले काही महिने मास्तर बसून सांगत आणि आम्ही टेकत असू. मी सोफा सरकवला, मागच्या कोपऱ्याला विचारलं, शंभर मोजले. फडकं पांढरं. परीक्षकांनी कागदावर बरोबरची खूण केली.

आणि त्या क्षणी, मंडळी, माझी भीती गेली. कढईतून वाफ जावी तशी गेली. परीक्षक म्हणाले, "सुरू करा, मी खालच्या ऑफिसातलं काम बघून अर्ध्या तासात येतो." मी मशीन असं काही सुरू केलं, की जणू पडदा वर जाऊन माझी एंट्री झालीय. रश्श्याचा डाग उचलला, झक्क निघाला. मास्तरांनी मान डोलावली. मी पुढे सरकलो. एक पट्टा, दुसरा पट्टा.

तिसऱ्या पट्ट्याला मशीनच्या काचेतून परत येणारं पाणी गुलाबी दिसलं.

आधी वाटलं, रस्सा. मग खाली पाहिलं. एका तांबड्या फुलाची कड विरघळली होती आणि सायीच्या जमिनीत एक गुलाबी ओघळ माझ्याकडे येत होता. सावकाश. त्याला काही घाई नव्हती. माझ्या हातातली नळी गळून पडली. सात महिने, तीन ऑफिसं, सुनंदाचे डबे, सगळं त्या ओघळात मिसळून पसरताना मला दिसत होतं. आणि खोटं कशाला सांगू, बावीस वर्षांचा नट त्या वेळी माझ्या मदतीला धावून आला. त्याने मला सांगितलं: सोफा. सोफा फूटभर पुढे घेतला, तर सगळं त्याच्याखाली जातं.

मी सोफा ओढला. खरंच ओढला.

"सुदामराव," मागून आवाज आला, "सोफा मागं घ्या."

"मास्तर, कुणाला दिसणार आहे? तो तर उद्याही इथेच—"

"दोन महिन्यांनी कुणीतरी सोफा हलवेल. तेव्हा इथं कोण असेल? तुम्ही? मी?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. दारात तुकाराममामा हात पुसत उभे होते. त्यांनी गालिचा पाहिला आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"आरं द्येवा! ह्ये काय झालं? म्याडम माजी कातडी सोलतील की!"

मी सोफा मागे घेतला. तोवर धप्प असा आवाज झाला. मास्तर खुर्चीतून उतरून गुडघ्यांवर आले होते. त्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती मला अजून ऐकू येते. पण लगेच म्हणाले, "रंग सुटला की चहा निवायला लागतो तेवढाच वेळ असतो. ओढा, पाणी ओढा, नवं सोडू नका. सिरका कुठंय?"

सिरका, म्हणजे पांढरं व्हिनेगर. सुटणारा रंग ते जागच्या जागी धरून ठेवतं. प्रत्येकाच्या पिशवीत त्याची बाटली असलीच पाहिजे असा नियम होता. माझी बाटली घरी ओट्यावर होती.

"मामा!" मी ओरडलो. "व्हिनेगर आहे का?"

"कांद्यात घालत्यात त्येच न्हवं? हाय की!" मामा आत पळाले आणि भलीमोठी बरणी घेऊन आले. बरणीत व्हिनेगर होतं, आणि व्हिनेगरात पाहुण्यांच्या दुपारच्या जेवणाचे छोटे कांदे. आम्ही ते सायीच्या भांड्यात गाळलं, थंड पाण्यात मिसळलं, फडक्यांनी त्या ओघळावर दाबलं. दाबा, उचला. दाबा, उचला. मामा पंखा धरून उभे, मी आणि मास्तर समोरासमोर गुडघ्यांवर, दोघांच्या मध्ये तांबडं फूल, आणि सबंध हॉलमध्ये हॉटेलातल्या कोशिंबिरीचा वास. मी इतका घाबरलो होतो, की मला हसू येत होतं.

ओघळ थांबला. पुष्कळसा उचललाही गेला. पण तळहाताएवढी गुलाबी छटा राहिली. पुरा परत जात नाही.

परीक्षकांच्या पावलांचा आवाज जिन्यात आला तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "तुम्ही सांगता की मी?"

मी उभा राहिलो. हजार माणसांसमोर गडगडाटी संवाद म्हटलेला मी. पण "साहेब, माझ्या हातून रंग सुटला" ही पाच शब्दांची ओळ काही केल्या धड म्हणता येईना. दोनदा घसा साफ केला. तिसऱ्या वेळी निघाली.

परीक्षक म्हणाले, "पण चाचणी तर माझ्यासमोर झाली." त्यांनी स्वतः फडकं भिजवलं, सोफ्यामागच्या कोपऱ्यावर दाबलं. पांढरं. मग तिथून हातभर अंतरावर दाबलं. वर उचललं, तर फडक्यावर अख्खी तांबडी पाकळी उठलेली.

मग मास्तर, अजूनही जमिनीवरच बसलेले, त्या कोपऱ्याकडे सरपटत गेले. लव बोटांनी चाळवली, नाक लावलं, डोळ्यांजवळ नेली. आणि त्यांचा चेहरा बघून मला माझ्या भीतीचा विसर पडला.

"साहेब," ते म्हणाले, "आठ बॅच मी इथं आणल्या. बॅचला सहा जण. सगळ्यांना हाच कोपरा दाखवला. प्रत्येकानं फडकं दाबलं, शंभर मोजले. ज्याला सुटायचं होतं तो रंग इथून कधीचाच सुटून गेला. आम्हीच विचारून विचारून त्याला कोरा केला." थोडं थांबून म्हणाले, "पहिल्या एक-दोन बॅचच्या फडक्याला किंचित गुलाबी लागायचं. मला वाटलं, धूळ असेल. माणूस नापास करायचा असेल तर शिकवणाऱ्याला करा."

परीक्षकांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कागदावर लिहिलं. नियम साधा होता: रंग सुटला, नापास. पण झालं ते कसं झालं, कुणाच्या हातून झालं, तेही त्यांनी लिहिलं आणि त्याची एक प्रत मामांच्या हातात दिली. "मॅडमना ही दाखवा. तुमचा संबंध नाही." मॅडमना मास्तरांनी तिथूनच फोन केला आणि चूक स्वतःच्या नावावर सांगितली. त्यानंतर त्या गेस्ट हाउसात मास्तरांची बॅच कधी गेली नाही. त्या दिवशी मास्तरांना जमिनीवरून उठवायला मी आणि मामा, दोघं लागलो.

घरी आलो. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि ताट वाढलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "मेलं का?"

"कोण?"

"सकाळी मारायला निघाला होतात ते."

"जखमी आहे. मी मेलो."

कंत्राटदार म्हणाला, महिनाभर थांबतो, पुढे नाही. फेरपरीक्षा तीन आठवड्यांवर होती. पण मी काळेवाडीच्या त्या खोलीकडे फिरकलो नाही. झाडू दिसला तरी मला ओघळ दिसायचा. सुनंदाने चहात दूध ओतलं की मी नजर वळवायचो. भीती, भीती म्हणतात ती मला पन्नाशीच्या तोंडावर खऱ्या अर्थाने भेटली.

सातव्या की आठव्या दिवशी जिन्यात काठीचा आवाज आला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. प्रत्येक पायरीला थांबत, "या अल्ला" म्हणत मास्तर वर आले. आत आले आणि सवयीने वाकायला लागले. आमच्या घरात गालिचा नाही, साधी फरशी; तरी वाकायला लागले. मी धरून खुर्चीवर बसवलं.

"त्या दिवशी भीती होती का, सुदामराव?"

"सकाळपासून होती, मास्तर."

"गेली कधी?"

मी विचार केला. "फडकं पांढरं निघालं तेव्हा."

"बस्स." त्यांनी काठी फरशीवर आपटली. "माझी आठ बॅचच्या आधी गेली होती. पोरांना म्हणायचो, घाबरून या. आणि मीच घाबरायचा थांबलो होतो. भीती असती तर पहिल्या गुलाबी फडक्यालाच मी कोपरा बदलला असता." सुनंदाने चहा आणला. बशीत ओतून ते तो निवेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला आता जी भीती वाटतेय ना, ती सांभाळून ठेवा. ती मिळायला लोकांच्या हातून दुसऱ्यांचे दहा-दहा गालिचे जातात. तुमचं एकावर भागलं."

"पण हात उचलत नाही, मास्तर."

"मग कामाआधी मला फोन करा. भीती वाटतेय म्हणून सांगा. पुढचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी खोलीत गेलो, तर फळ्याच्या माथ्यावरचं रंगाने लिहिलेलं वाक्य खरवडून काढलेलं. त्या जागी खडूने, वाकड्या अक्षरात: चार ठिकाणी विचारा. पाचव्या ठिकाणी घाबरा. मी विचारलं, रंगाने का नाही लिहिलं? म्हणाले, "पुन्हा चुकलो तर पुसायला सोपं."

फेरपरीक्षेच्या दिवशी दुसऱ्याच एका हॉलच्या बाहेर उभा राहून मी फोन लावला. मास्तरांचे कान मशीनच्या आवाजाने गेलेले, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यामुळे तिकडे स्वयंपाकघरात चाचींनाही, म्हणजे मास्तरांच्या बायकोलाही, सगळं ऐकू जायचं.

"मास्तर, भीती वाटतेय."

"किती?"

"खूप."

"माशाअल्ला! मग सुरू करा."

मागून चाचींचा आवाज आला, "अरे, पहले चाय तो पीने दो उसको!"

मी पास झालो. सर्टिफिकेट सुनंदाने देवांच्या शेजारी लावलं. त्यावरच्या प्लास्टिकला अजून ती हात लावू देत नाही.

पुढे चार वर्षं मी प्रत्येक कामाआधी फोन केला. ऑफिसं, लग्नाचे हॉल, डॉक्टरांचे दवाखाने. कधी मास्तर अंघोळीला असले तर चाची सांगायच्या, "थांब बेटा, डरके बैठ, येतात." एकदा मी मुद्दामच खोडी काढायला म्हणालो, "मास्तर, आज अजिबात भीती वाटत नाही." पलीकडून मास्तर म्हणाले, "सुदामराव, सामान गुंडाळा आणि घरी जा. मालकाला सांगा, पोट बिघडलंय." आणि फोन ठेवून दिला. मला खरोखर पाच मिनिटं खाली पायरीवर बसून, तो गुलाबी ओघळ आठवून, नीट घाबरून मग पुन्हा फोन लावावा लागला.

गेल्या थंडीत मास्तर गेले. फार दिवस आजारी नव्हते. दफनाला तुकाराममामा महाळुंग्याहून आले होते. परत फिरताना मला म्हणाले, "त्यो गुलाबी ठिपका अजून हाय बरं का. आलेल्या पाव्हन्याला मी सांगतो, हितं आमचं मास्तर बसलं व्हतं."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तळेगाव दाभाड्यात एका जुन्या घरातून बोलावणं आलं. मोठी खोली आणि मधोमध लोकरीचा गालिचा. तांबडा आणि सायीचा. घरच्या बाई म्हणाल्या, "सासूबाईंचा आहे हो, जपून करा." मी चार ठिकाणी विचारणार होतो. पिशवीत व्हिनेगरच्या दोन बाटल्या होत्या. सगळं येत होतं. पण दारातून दोन पावलं आत गेलो आणि गुडघे वाकेनात. बाई बघत होत्या. मी "एक फोन करतो" म्हणून बाहेर ओट्यावर आलो आणि हाताने आपोआप तोच नंबर लावला. रिंग वाजायला लागल्यावर लक्षात आलं, आपण काय करतोय. ठेवणार, एवढ्यात पलीकडून आवाज आला.

"कोण?"

"चाची, मी सुदाम."

"बोल बेटा."

काय बोलणार? कुकरची शिट्टी ऐकू आली. स्पीकर अजून चालूच होता. मी म्हणालो, "चाची, भीती वाटतेय."

चाचींनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"किती?"

"खूप."

"माशाअल्ला," चाची म्हणाल्या. "मग सुरू कर."

मी आत गेलो आणि दारातच गुडघे टेकले. बाईंना वाटलं, मी पाया पडतोय. त्या घाईघाईने म्हणाल्या, "अहो, उठा, उठा!"